कय्यूमभाईचा अंधार

सावली गावच्या आठवडी बाजारात बॅटऱ्या विकणारे बरेच बसतात. ते सगळे उजेड विकतात. कय्यूमभाई एकटाच असा, की तो उजेडासोबत अंधारही घेऊन येतो.

हे मी गमतीनं लिहीत नाही. बाजार भरतो भर दुपारी. माणूस टॉर्च घ्यायला येतो, म्हणजे आमच्या भाषेत बॅटरी, तेव्हा ऊन टाळू भाजत असतं. त्या उन्हात बॅटरी लागली की विझली हेच कळत नाही, तर ती पारखायची कशी? मग लोक डोकं चालवतात. कोणी धोतराच्या ओच्यात ती पेटवून वाकून पाहतो, आणि येणारेजाणारे त्याच्याकडे संशयानं पाहतात. कोणी तळहाताला लावून बोटांतलं लाल रक्त पाहतो. कोणी बायकोच्या थैलीत बॅटरीसकट तोंड घालतो आणि सुकटीच्या वासानं शिंकत बाहेर येतो. एवढं करून घरी नेलेली बॅटरी रात्री काजव्याशी हरते.

कय्यूमभाईनं यावर तोड काढली. रस्त्याच्या कामावरून भंगारात आलेले डांबराचे दोन ड्रम त्यानं घेतले, मधले तळ कापून ते एकाला एक जोडले, आतून काळा रंग मारला आणि तोंडाला बारदान्याचा पडदा लावला. आडवा ठेवला की माणसाच्या लांबीचा बोगदा. गिऱ्हाइकानं पडद्यातून डोकं आणि एक हात आत घालायचा आणि बॅटरी पेटवायची. पार टोकाला, तळावर, खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचा वाघ कापून चिकटवलेला. डोकं आत गेलं की बाहेरून कय्यूमभाईचा आवाज येणार.

"दिसला?"

"दिसला."

"काय दिसला?"

"वाघ."

"घरी न्या. कय्यूमची जबान हाय."

बाजारानं या ड्रमचं नाव 'अंधार' ठेवलं. "कय्यूमचा अंधार आला का?" असं लोक विचारत. सकाळी हातगाडीवर अंधार यायचा आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत परत जायचा. चामोर्शीच्या बाजारातही तो जायचा, मालाच्या टेम्पोत, भाज्यांच्या पोत्यांवर आडवा पडून. वैनगंगेच्या पुलावर एकदा पोलिसानं गाडी थांबवून विचारलं की हे काय आहे. कय्यूमभाई म्हणाला, साहेब, अंधार आहे. पोलिसानं आत पाहिलं आणि जाऊ दिलं. खोटं तर तो बोलला नव्हता.

माणूस पाहाल तर काडीसारखा. दाढी मेंदीनं लाल. दोन्ही मनगटांवर घड्याळं, कारण लोकांची दुरुस्तीला आलेली घड्याळं तो चालतात की नाही हे पाहायला हातात घालून हिंडतो. त्यामुळे त्याला वेळ विचारली की तो आधी विचारणार, कोणाची सांगू. बस स्टँडजवळ त्याचं खोपटाएवढं दुकान. घड्याळ, बॅटरी, रेडिओ, अलीकडे मोबाइलचं चार्जर. शर्टाच्या वरच्या खिशात मात्र बारा महिने एक बोटभर बॅटरी. लग्नाला जाताना अत्तर विसरेल, बॅटरी नाही. दिवसाढवळ्या ती काढून तो कशातही घालून पाहतो. मासळीवालीच्या माशाच्या कल्ल्यात, जिलेबीच्या कढईत, भांडणाऱ्या माणसाच्या तोंडात. एकदा मोर्च्याहून परतताना मी त्याच्याशी तावातावानं बोलत असताना त्यानं माझ्या घशात उजेड पाडला आणि शांतपणे सांगितलं, "भाऊ, गळा सुजला हाय. घोषणा कमी करा." मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. गळा सुजलाच होता, पण ते वेगळं.

नव्या बॅटरीची त्याची खरी परीक्षा ड्रममध्ये होत नसे, खिशात होत असे. नवा माल आला की त्यातली एक तो आठवडाभर खिशात बाळगणार. तिनं घाम प्यायचा, वाकताना सिमेंटवर पडायचं, आणि शेवटी त्याच्या बायकोच्या, नूरीभाभीच्या हातून शर्टासकट धुतलं जायचं. नूरीभाभी खिसे तपासत नाही. तपासायला सांगितलं की म्हणते, खिसा तुमचा, अक्कल तुमची, मी साबणाची धनीण. धुऊनही लागली तर बॅटरी पास. मग ती दुकानात मांडायची, आणि गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी अंधारात दाखवायची. म्हणजे खिसा ही परीक्षा, आणि अंधार हा तमाशा. हे त्याला ठाऊक होतं. पण माणसाच्या तमाशाला लोक जमू लागले की त्याला तमाशाच परीक्षा वाटू लागते. पुढाऱ्यांचं होतं तसंच दुकानदारांचं होतं.

तो वाघ इतका प्रसिद्ध झाला की माणसं डोकं आत जायच्या आधीच वाघ म्हणू लागली. बाप सांगे, लेक सांगे, शेजारी सांगे. ज्यानं कधी बॅटरी घेतली नाही त्यालाही ठाऊक की आत वाघ आहे. कय्यूमभाईही प्रत्येक बाजाराच्या सुरुवातीला एकदा स्वतः डोकं घालायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं "वाघ, साफ" म्हणायचा आणि बाहेर यायचा. नारळ फोडावा तशी ती रीत झाली होती. नारळ फोडताना आतलं खोबरं कोण पाहतो?

यात एकदाच खोट निघाली. दिवाळी झाल्यावर आमच्या बोडीटोल्याची शकुबाई नवी बॅटरी घ्यायला गेली. धान कापून खळ्यावर आलं होतं आणि ते रानडुकरांपासून राखायचं होतं. शकुबाई म्हणजे कोणाचं न ऐकणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शेत स्वतः करते, मोहाची फुलं गळतात त्या दिवसांत ती वेचायला पहाटे सगळ्यांच्या आधी जंगलाच्या काठावर असते. ती अंधारात डोकं घालून बराच वेळ राहिली, आणि बाहेर येऊन म्हणाली की आत काही नाही. बाजार हसला. कय्यूमभाईनं दुसरी बॅटरी दिली, तिसरी दिली. बाई म्हणे नाहीच. शेवटी हा गृहस्थ चार माणसांत म्हणाला, "बाई, बॅटरी नाई, डोरे बदला."

शकुबाईनं त्याला, त्याच्या ड्रमला आणि त्याच्या दाढीला जे काही ऐकवलं ते मी लिहीत नाही. पण घरी आल्यावर तिला झोप आली नाही. पुढच्या महिन्यात फुकट डोळे तपासणीचं शिबिर लागलं, तिथं गेली. डॉक्टरनं उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं. बाई काळा चष्मा लावून गावात परत आली, आणि कय्यूमभाईचा भाव गगनाला भिडला. दुकानात येईल त्याला तो सांगू लागला की डॉक्टरच्या मशीनच्या आधी आपल्या अंधारानं मोतीबिंदू पकडला. नूरीभाभी म्हणाली, आता पाटीवर डॉक्टर लिहून घ्या. त्यानं ते दोन दिवस मनावरही घेतलं.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या मोहाच्या दिवसांत आमच्या गावच्या ललितावर वाघ आला. मोहफुल वेचताना बाई ओणवी असते, मागून पाहणाऱ्याला ती चौपायाच वाटते. ललिता वाचली, खांद्यावर खूण घेऊन. तिच्या हातात बॅटरी होती, पण तिचा उजेड तिच्याच पायावर पडून थकत होता. आम्ही मोर्चा नेला. मागणी साधी. पहाटे मोहाला जाणाऱ्या प्रत्येक बाईला चांगली बॅटरी द्या. 'चांगली' या शब्दाखाली मी निवेदनात दोन रेघा मारल्या होत्या. वरच्या लोकांनी 'बॅटरी' एवढंच वाचलं.

योजना आली. योजनेच्या मागून गुणवंतराव आले. गुणवंतराव आमच्या भागातले पुढारी. योजना विहिरीची असो, शेळीची असो की बॅटरीची, माल पुरवणारा त्यांचा साळाच असतो. एवढे साळे एका माणसाला असतील तर सासऱ्याचा सत्कार करायला पाहिजे. यावेळी साळ्यानं आणली बोटभर लांबीची काळी बॅटरी. डबीवर छापलेलं, 'रोज खिशात, सदैव साथ'. मी पहिल्याच बैठकीत विचारलं की लुगड्याला खिसा कुठे असतो. योजनेचे साहेब म्हणाले, क्लिप आहे ना. मी म्हटलं, क्लिप कशाला लावायची, कपाळाला? त्यांनी विषय बदलून बॅटरीचे सात प्रकारचे उजेड समजावून सांगितले. एकदा दाबलं की मोठा, पुन्हा दाबलं की मंद, पुन्हा दाबलं की लुकलुक, आणि धरून ठेवलं की लग्नाच्या वरातीसारखा लालनिळा. वाघ समोर आल्यावर कितव्यांदा दाबायचं, हे पत्रकात नव्हतं.

तरी तपासणी करून घ्या, असा आम्ही हट्ट धरला. समिती नेमली गेली. कोणत्या खात्याची ते सांगत बसत नाही. खातं कोणतंही असो, गाडी पांढरीच असते. तपासणी जंगलाच्या काठच्या गावात, म्हणजे बोडीटोल्यात, करायची ठरली. पण समितीतल्या साहेबांना अंधार पडायच्या आत चंद्रपूरला पोचायचं होतं. मी विचारलं, मग बॅटरी पाहणार कशी? ते मनापासून म्हणाले, "हा वाघाचा भाग आहे हो. संध्याकाळनंतर इकडे थांबणं बरं नाही."

तेव्हा गुणवंतरावांना कय्यूमभाई आठवला. आणि कय्यूमभाईला पत्र गेलं की आपल्याकडील अंधार, एक नग, घेऊन सकाळी समाजमंदिराजवळ हजर राहावे.

ते पत्र त्यानं बस स्टँडवर ज्याला त्याला वाचून दाखवलं. पत्रात त्याला 'तज्ज्ञ' म्हटलं होतं. आयुष्यभर लोकांनी त्याला अंधारवाला म्हटलं, घड्याळवाला म्हटलं, उधारीच्या दिवसांत आणखी काय काय म्हटलं, पण तज्ज्ञ पहिल्यांदाच. मी त्याला गाठून सांगितलं की कय्यूमभाई, हा माल गुणवंतरावच्या साळ्याचा आहे, आधी आठवडाभर खिशात घालून पाहा. तो म्हणाला, भाऊ, नमुना आता आला, वेळ कुठं आहे. मग पत्राची घडी घालत म्हणाला, तिथं खुर्ची देणार आहेत.

त्या दिवशी समाजमंदिरासमोर मांडव टाकला होता. ऊन चांगलं तापलेलं. मांडवापुढे उन्हात अंधार आडवा ठेवलेला, त्याला झेंडूची माळ. एका बाजूला खुर्च्या, आणि त्यात एक कय्यूमभाईची. खुर्चीवर तो असा बसला होता जणू ती परत मागतील. दाढीला ताजी मेंदी. समोर जमिनीवर बाया, त्यात पुढे शकुबाई, काळा चष्मा लावून. पहिली बॅटरी तिच्या हाती द्यायची आणि फोटो काढायचा, असं गुणवंतरावांनी ठरवलं होतं. ऑपरेशन झालेली बाई फोटोत चांगली दिसते.

आधी कय्यूमभाईला शाल आणि नारळ. मग त्यानं खिशातून नाही, तबकातून बॅटरी उचलली, पडद्यातून डोकं घातलं, आणि नेहमीच्या त्याच सुरात आवाज आला. "वाघ. साफ." टाळ्या.

मग गुणवंतराव आत गेले. पोट मोठं, त्यामुळे खांद्याच्या पुढे जाता येईना. तिथूनच म्हणाले, मिशा मोजून घ्या. मग साहेब गेले. समितीचं तोंड अंधारात आणि बाकीची समिती उन्हात, असं ते दृश्य बायांनी पदर तोंडाला लावून पाहिलं. साहेबांनी बाहेर येऊन चष्मा पुसला आणि सांगितलं की वाघ दिसतो, बसलेला आहे. त्यांच्यासोबतचे दुसरे साहेब जाऊन आले. ते म्हणाले, उभा आहे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कागदावर लिहिलं गेलं की वाघ स्पष्ट दिसला, स्थिती गौण. मला म्हणाले, तुम्हीही पाहून घ्या, तुमचीच मागणी होती. मी म्हटलं, मी कोणाच्याही डब्यात डोकं घालत नाही, मी बाहेर उभा राहूनच पाहतो. आणि खरं सांगतो, बाहेरूनच जास्त दिसत होतं.

आता शकुबाई. फोटोवाला तयार. गुणवंतराव शेजारी हात जोडून. बाईनं काळा चष्मा काढून कमरेला खोचला, कारण नव्या डोळ्यानं वाघ पाहायचा, हे तिनं शिबिरातून निघतानाच ठरवलं होतं. बॅटरी घेतली आणि आत गेली.

ती निघेचना. फोटोवाल्याचा हात अवघडला. आतून बटणाचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा. पडद्याच्या फटीतून कधी पांढरा उजेड दिसे, कधी लुकलुक, कधी लालनिळा. सातही उजेड तिनं घालून पाहिले. मग डोकं बाहेर आलं. चेहरा उतरलेला. ही बाई वाघ आला तरी शिव्या देईल, पण तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता.

"नाई दिसत," ती म्हणाली. "वाघ नाई दिसत मले. माझा डोरा गेला वाटते."

ऐकून सगळे एकदम दयाळू झाले. हा मोठ्या लोकांचा जुना गुण आहे, समोरचा खाली बसला की त्यांना दया येते. गुणवंतराव म्हणाले, नवा डोरा आहे, सवय व्हायला वेळ लागते. साहेबांनी शेजारच्याला सांगितलं की बाईंचं नाव पुढच्या शिबिरासाठी घ्या. दुसरे साहेब, ज्यांना वाघ उभा दिसला होता, ते म्हणाले की काही जणींच्या बाबतीत ऑपरेशन साधत नाही, घाबरू नका. बाया आपसात कुजबुजू लागल्या की शकू आता मोहाला कशी जाईल. शकुबाई जमिनीवर बसली. एक तळवा डाव्या डोळ्यावर धरून उजव्यानं ती आभाळाकडे पाहत होती, मग झाडाकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. सगळं दिसत होतं. तरी तिचा विश्वास बसत नव्हता, कारण चार मोठी माणसं वाघ पाहून आली होती.

मग ती वळली, साहेबांकडे नाही, कय्यूमभाईकडे.

"कय्यूमभाऊ, मांगच्या टायमाले तुमच्या जबानवर म्या हा डोरा कापून घेतला. आता दुसरा बी कापू का? तुमीच सांगा."

कय्यूमभाई खुर्चीवरून उठला. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यानं उचलली नाही. त्यानं बाईच्या हातून बॅटरी घेतली आणि पडद्यातून आत गेला. या खेपेला आवाज आला नाही. लोक "साफ" ऐकायची वाट पाहत राहिले. मग त्यानं पूर्ण हात आत घातला, खांद्यापर्यंत, मग दुसरा खांदाही, आणि शेवटी कमरेपर्यंत आत सरकला. ड्रमच्या तळावर नखं घासल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा मेंदीच्या दाढीला काळा रंग लागला होता. मूठ त्यानं साहेबांच्या टेबलावर उघडली. सुकलेल्या खळीचे पापुद्रे, उंदराच्या लेंड्या, आणि कॅलेंडरच्या कागदाचा एक तुकडा. तुकड्यावर शेपटीचं टोक होतं.

वाघ चिकटवायला खळ नूरीभाभीनं कणकेची करून दिली होती. पावसाळ्यात अंधार दुकानात पडून असायचा. उंदरांनी पोट भरून वाघ खाल्ला होता. आमच्या जिल्ह्यात वाघाच्या नावावर बरेच लोक पोट भरतात, पण इतक्या सरळ मार्गानं भरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"बाई, तुमचा डोरा शाबूत हाय," कय्यूमभाई म्हणाला. "आत वाघ नाई. कवापासून नाई, ते बी मले ठाऊक नाई. म्या पाह्यलंच नाई. नुसतं म्हंत राह्यलो."

कोणी हसलं नाही. तो काय बोलला हे बाजारच्या माणसांनाच कळलं असेल. पावसाळ्यापासून त्यानं जितक्या बॅटऱ्यांवर जबान दिली, त्या सगळ्यांवरची जबान त्यानं त्या एका वाक्यात परत घेतली. दुकानदारानं असं बोलू नये. त्याचं पोट त्या जबानवरच चालत होतं.

गुणवंतराव लगेच सावरले. "बरं झालं मंग. वाघ असो नसो, उजेड तर होता ना? आपल्याले बॅटरी पास करायची हाय, वाघ नाई." साहेबांनीही मान हलवली. आता माझं डोकं फिरलं. मी पुढे होऊन विचारलं की साहेब, एकच सांगा. उजेड होता, तर वाघ नाही हे तुम्हाला दिसलं कसं नाही? आणि उजेड नव्हता, तर बॅटरी पास कशी? साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. दुसरे साहेब म्हणाले की दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतील. मी म्हटलं, बसलेला तपासाल की उभा? मग बाया हसल्या. आधी ललिता, मग सगळ्या, आणि शेवटी शकुबाई, दोन्ही डोळे पुसत.

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. ऊन अजून डोक्यावरच होतं, पण ते म्हणाले की अंधार पडायच्या आत पोचायला हवं. पांढरी गाडी धुरळा उडवत गेली. मागून गुणवंतरावांची गेली. जाताना त्यांच्या माणसानं शाल आणि नारळ दोन्ही उचलून नेले. पुढच्या सत्काराला कामी येतात.

नमुन्याची बॅटरी कय्यूमभाईच्या हातात राहून गेली होती. सवयीनं त्यानं ती वरच्या खिशात टाकली. सूर्य बुडाल्यावर शकुबाई त्याला म्हणाली, चला तलावाच्या पाळीवर. बाया निघाल्या, मीही गेलो. पाळीवर उभं राहून त्यानं बॅटरी समोरच्या पळसाकडे धरली. उजेड पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिथंच बसला. शकुबाईनं दाबून लुकलुक लावली, मग लालनिळा. पळस होता तिथंच अंधारात राहिला. बेडकं तेवढी गप्प झाली. ललिता एवढंच म्हणाली की माझ्या जुन्या बॅटरीचीच बहीण आहे.

दोन दिवसांनी नूरीभाभीनं शर्ट धुतला. शर्ट उजळला, बॅटरी गेली ती गेलीच. रोज खिशात, सदैव साथ.

अहवालाची प्रत मी धरणं देऊन मिळवली. त्यात बॅटरीबद्दल एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं की पुरवण्यात आलेला अंधार सदोष आढळल्यानं चाचणी पुढे ढकलण्यात येत आहे.

ही गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नाही. 'सदोष अंधार' म्हणून पोट्टे कय्यूमभाईला चिडवू लागले. ज्यांनी आजवर डोकं घालून वाघ वाघ म्हटलं होतं, तेच मोठ्यानं सांगू लागले की आम्हाला तर तेव्हाच शंका आली होती. तो बाजारात यायचा थांबला. मी घरी गेलो तर कोपऱ्यात बसून, कोणाची वेळ सांगू हेही न विचारता, घड्याळं उघडत होता. नूरीभाभी म्हणाली की घरात इतकी शांती कधी नव्हती, मला सहन होत नाही, घेऊन जा याला.

त्याला मी नाही, शकुबाईनं बाहेर काढला. बाजाराच्या दिवशी ती सरळ दुकानात गेली आणि म्हणाली की मोह गळायला लागले, मला बॅटरी पाहिजे, अंधार काढा. तो म्हणाला, बाई, अंधार मोडीत देणार आहे. ती म्हणाली, मोडीत द्या, पण आधी माझी बॅटरी. हातगाडी तिनंच धरली. बाजारात ड्रम ठेवला, पदरात बांधून आणलेलं काहीतरी कमरेपर्यंत आत शिरून तळाशी ठेवलं, पडदा सोडला आणि गर्दीसमोर कय्यूमभाईला म्हणाली, "घाला डोस्कं. काय ठेवलं ते सांगा."

तो पहिली बॅटरी घेऊन आत गेला. बाजार कान देऊन उभा. आत बटण दोनदा वाजलं.

"नाई दिसत, बाई."

हे शब्द त्या ड्रममधून त्याच्या तोंडून कधी आले नव्हते. पोट्टे चिडवायला आले होते, ते पुढे सरकून पाहू लागले. "मंग दुसरी काढा," शकुबाई म्हणाली. दुसरीही गेली. पुढची एक जाड, जुन्या घडणीची, तिच्यावर आतून आवाज आला की पालापाचोळा आहे, आणि पाचोळ्यात मोहाची फुलं. शकुबाईनं तीच बॅटरी घेतली आणि फुलं परत पदरात बांधली. तिला वाघ पाहायचाच नव्हता. वाघ कोणाला पाहायचा असतो? पाचोळ्यात फूल दिसलं की लवकर वेचून होतं, आणि ओणवं राहायचा वेळ कमी होतो.

त्या दिवसापासून रीत अशी आहे. गिऱ्हाइकानं आपल्याला हवी ती वस्तू आत ठेवायची, आधी कय्यूमभाईनं डोकं घालायचं, आणि त्यानं ओळखली तरच सौदा. लोक त्याला सतवायला काय काय ठेवतात. एकानं आपलीच कवळी ठेवली होती. रोज दहादा तो "नाई दिसत" म्हणतो आणि बॅटरी बाजूला काढतो. धंदा पूर्वीपेक्षा कमी आहे.

मध्ये त्याला पुन्हा पत्र आलं. अंधाराची दुरुस्ती करून तो घेऊन हजर राहावे. यावेळी पत्रात तज्ज्ञ नव्हतं. त्यानं उत्तर माझ्याकडून लिहून घेतलं. मी चांगलं दोन पानी लिहिलं होतं, कलमांसकट. त्यानं ते वाचलं, घडी केली, घड्याळाच्या डबीखाली ठेवलं आणि पोस्टकार्डावर स्वतःच्या हातानं एक ओळ लिहून टाकली.

'साहेब, संध्याकाळी थांबा, आमच्या इथी अंधार फुकट हाय.'

मोह गळून संपत आले. साहेब अजून थांबलेले नाहीत. ललिता आणि शकुबाई रोज पहाटे जातात, जाड बॅटऱ्या घेऊन, ज्यांना ना क्लिप आहे ना लालनिळा उजेड. आणि बाजाराच्या दिवशी शकुबाई काही घ्यायचं नसलं तरी कय्यूमभाईच्या अंधारापाशी थांबते, काहीतरी आत सरकवते आणि पडदा सोडून म्हणते, सांगा.